स्वच्छ परत आलेला स्प्लिंट: नागपूरच्या प्रोजेक्टवाल्या मुलामुलींना खुले पत्र

नागपूर,
एप्रिलचा शेवटचा आठवडा

प्रिय मुलामुलींनो,
आणि तुमच्या गाईड सर-मॅडमांनाही, कारण अर्धे पत्र त्यांच्यासाठी आहे.

मागच्या महिन्यात तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट प्रदर्शनाला मी परीक्षक म्हणून आले होते. शहरातल्या तीन-चार कॉलेजांची टेबले एकाच हॉलमध्ये होती आणि त्यातली नऊ टेबले अंगावर घालायच्या यंत्रांची होती. उष्माघाताची सूचना देणारा मनगटी पट्टा, आंधळ्या माणसासाठी आवाज करणारा चष्मा, संकटात मेसेज पाठवणारे लॉकेट, झोप लागली की ओरडणारे हेल्मेट, असे बरेच काही. निकाल लागल्यावर दोघे मुलगे माझ्यामागे पार्किंगपर्यंत आले. "मॅडम, आमचं तर पूर्ण वर्किंग होतं, मग मार्क कशाचे कापले?" एक चिडलेला होता, दुसरा रडवेला. तिथे उन्हात उभ्या उभ्या सांगण्यासारखे ते उत्तर नव्हते. शिवाय ते फक्त त्या दोघांचेही नव्हते, नऊही टेबलांवर मला तीच एक गोष्ट दिसली होती. म्हणून हे पत्र उघडे लिहिते आहे.

आठवत असेल तर, प्रत्येक टेबलावर मी एकच प्रश्न विचारला होता. हे तुमच्यापैकी कुणी घालून राहिलं आहे का, सकाळपासून रात्रीपर्यंत? कोड, सर्किट, ॲप, क्लाउड यांवर तुम्ही धडाधड बोलत होता. या प्रश्नावर मात्र सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. एकजण म्हणाला, "मॅडम, डेमोच्या वेळी घालतो ना." त्याचा पट्टा डब्यात होता, खाली थर्माकोल, वर पारदर्शक झाकण. साखरपुड्याच्या अंगठीला आपण असे ठेवतो.

मी इंजिनिअर नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि पंचवीसहून जास्त वर्षे लोकांच्या हातांवर स्प्लिंट बसवते आहे. नस दबली, हाड मोडून जुळले, भाजल्यानंतर बोटे आखडली, पक्षाघाताने मूठ वळली, अशा हातांना योग्य स्थितीत धरून ठेवणारा तो साचा. त्याचे प्लास्टिक साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ होते, मग ते रुग्णाच्या हातावरच दाबून आकार द्यायचा. म्हणजे अंगावर घालायची वस्तू बनवणे हा माझाही धंदा आहे. फक्त माझ्या वस्तूत चिप नसते.

या धंद्यातला माझा सगळ्यात मोठा धडा काटोलकडच्या एका बाईने दिला. मनगटाची नस दबून बोटांना मुंग्या येत होत्या. मी छान स्प्लिंट केला, पट्टे लावले, रात्रंदिवस घालायला सांगितले. महिन्याने ती परत आली. पिशवीतून स्प्लिंट काढून तिने टेबलावर ठेवला आणि तो नव्यासारखा स्वच्छ होता. घामाचा डाग नाही, हळद नाही, पट्ट्याला धूळ नाही. मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, हे घालून भाकर नाही थापता येत जी. अन् भाकर नाही थापली तर घरचे म्हणतीन, दवाखान्यातून हात बांधून आली नवरीसारखी." तिच्या दिवसात किती कामे आहेत, कोणत्या हाताने आहेत, पाण्यात किती वेळ आहे, यातले मी काहीच विचारले नव्हते. मी फक्त मनगट मोजले होते. त्यानंतर आजतागायत परत आलेला स्प्लिंट मी आधी उलटा करून बघते. तो मळका असेल तर माझे काम जमले.

तुमच्या नऊ टेबलांवर एकही मळकी वस्तू नव्हती. मार्क तिथे गेले.

आता मनगटाबद्दल बोलू, कारण नवांपैकी पाच यंत्रे तिथेच होती. मनगटच का, असे मी विचारले तेव्हा "स्मार्टवॉच तिथेच असतं" हे उत्तर आले. म्हणजे जागा तुम्ही निवडलीच नाही, बर्डीच्या बाजारातून आणलेल्या पट्ट्याने ती निवडली. मनगट हा शरीरातला सर्वांत कामसू आणि सर्वांत अडचणीचा सांधा आहे. आठ लहान हाडे, त्यांच्यावरून जाणारे स्नायूंचे दोर, आणि अंगठ्याच्या बाजूला कातडीच्या अगदी खालून जाणारी एक बारीक नस. घट्ट घड्याळाने किंवा बेडीने ती दबली की अंगठ्याच्या पाठीमागे जळजळ सुरू होते. वार्टेनबर्ग नावाच्या डॉक्टरने १९३२ साली हे दुखणे नोंदवले, आणि अजूनही ते माझ्याकडे येते. करंगळीच्या बाजूला मनगटावर जे हाड वर आलेले असते, तिथे मांस नसतेच. उष्माघाताच्या पट्ट्याच्या डबीचा कोपरा नेमका त्या हाडावर टेकत होता.

कातडीवरचा दाब केवढा चालतो, याचा एक आकडा आम्हाला शिकताना पाठ करायला लावतात: पाऱ्याचे ३२ मिलिमीटर. त्याहून जास्त दाब तासन्‌तास राहिला की केशवाहिन्या मिटतात आणि कातडीला रक्त कमी पडू लागते. हा काही दगडावरची रेघ असलेला आकडा नाही, माणसागणिक बदलतो, पण दिशा दाखवतो. म्हणून आम्ही पट्टा रुंद घेतो, कडा गरम करून बाहेर वळवतो, हाडावर आधी घडी ठेवून मग प्लास्टिक टाकतो. तुमच्यापुढे वेगळाच पेच आहे. नाडी मोजणारा हिरवा दिवा कातडीला चिकटून हवा. पट्टा सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा नाचतो. फार आवळला तर ज्या रक्ताची लाट मोजायची, तेच तिथून पिळून निघते. मध्ये एक अरुंद जागा आहे, आणि ती सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी, कारण उन्हाळ्यात हात सुजतो. एका टीमने पट्ट्याला सोल्डरिंग गनने दोन जास्तीची भोके पाडली होती. जुगाड म्हणून हसण्यासारखे होते, पण त्या नऊ टेबलांवरचे खऱ्या माणसाच्या मापाचे तेवढेच काम होते, आणि त्याचे मी मार्क दिले.

आणि मनगट रिकामे असते, हे कुणी सांगितले? तुमच्या घरातल्या बायकांचे हात बघा. बांगड्या, पाटल्या, नवरात्रातला धागा. पूर्व विदर्भातल्या कितीतरी गोंड बायकांच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण असते. गोंदणाची काळी शाई दिव्याचा उजेड शोषून घेते आणि नाडी सापडत नाही. २०१५ साली ॲपलचे घड्याळ बाजारात आले तेव्हा हातावर गडद टॅटू काढलेल्या लोकांनी हीच तक्रार केली होती. तिकडे तो शौक होता. आपल्याकडे आजीच्या हातावर ते आयुष्यभराचे आहे, आणि तुमच्या रिपोर्टमधल्या 'टार्गेट युजर'मध्ये ती आजी आहे.

जागा कशी निवडायची यावर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी १९९८ साली फार कामाचा निबंध लिहिला. माणसामाणसांत ज्या जागांचे माप फारसे बदलत नाही, जिथे हालचाल कमी आणि पृष्ठभाग मोठा, अशा जागा त्यांनी शोधल्या: गळ्याभोवती, दंडाची मागची बाजू, कोपराखालचा हात, बरगड्यांची बाजू, कंबर, मांडी, नडगी, पावलाची वरची बाजू. वाचताना मला हसू आले. वाकी, कंबरपट्टा, तोडे, गळ्यातली पोत. आपल्या सोनारांना यातल्या बऱ्याच जागा आधीच माहीत होत्या. जड दागिना घालून बाईने दिवसभर शेणापासून स्वयंपाकापर्यंत सगळे करायचे, तर तो कुठे बसवावा, याची परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे. वस्तू शरीरापासून फार उंच उठली तर मेंदू तिला आपल्या अंगाचा भाग मानत नाही, म्हणून ती दाराला, भिंतीला आपटत राहते. त्या उष्माघाताच्या पट्ट्याची डबी साडेतीन सेंटीमीटर उंच होती. मी मोजली.

मोजायला वेळ मिळाला, कारण तो उष्माघाताचा पट्टा त्या रडवेल्या मुलाकडून मी मागून घेतला आणि चार दिवस घातला. माझ्या वहीतले जसेच्या तसे लिहिते.

पहिला दिवस. सकाळी कणिक मळताना डबी परातीला लागली. काढून ठेवला. म्हणजे पहिला तास संपायच्या आत काढला. दुपारी ओपीडीत हात धुतले, पट्ट्याखाली पाणी साचले, खाज. संध्याकाळी वेल्क्रोला ओढणीचा धागा अडकला. (वेल्क्रोबद्दल माझे ऐका. आपल्या भागात कापूस, धूळ आणि जुन्या सुती साड्या आहेत. त्याच्या आकड्यांत तंतू भरले की तो महिन्याभरात धरणे सोडून देतो. माझ्या रुग्णांचे पट्टे मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बदलते.)

दुसरा दिवस. गॅसवर भाजी परतताना गजर. बाहेर बेचाळीस अंश, पण मी तर घरात कूलरसमोर. पट्टा सांगत होता: धोका, सावलीत जा.

तिसरा दिवस. गाडीवरून जाताना सिग्नलवर गजर, हात हँडलवर, ऊन सरळ डबीवर. तोंडाला पूर्ण स्कार्फ गुंडाळलेला, हातात कोपरापर्यंतचे मोजे. आपल्या शहरातली प्रत्येक मुलगी उन्हाळ्यात असेच जाते. पट्टा मोज्याच्या आत घालू की बाहेर? आत घातला तर बटण दाबता येत नाही. बाहेर घातला तर तो माझे नाही, मोज्याचे तापमान मोजतो. व्हायब्रेशनवर टाकून पाहिले, तर गाडीच्या थरथरीत ते कळलेच नाही.

चौथा दिवस. चार्जिंग संपले. हाडावर लाल ठसा. पट्टा कपाटात, काटोलच्या स्प्लिंटच्या पंक्तीला.

हे सगळे बांधणीतले दोष आहेत आणि सुधारता येतील. त्याहून मोठी चूक विचारात आहे, म्हणून याच पट्ट्यावर थोडी थांबते. कल्पना चांगली होती. आपल्या शहराला उन्हाबद्दल कुणी शिकवू नये. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, हा शब्द आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. पण उष्माघात होतो तो शरीराच्या आतले तापमान चाळीसच्या वर गेल्यावर. तुम्ही मोजता कातडीचे. घाम वाळत असतो तेव्हा कातडी गार असते आणि आत माणूस तापत असतो. उलट उन्हात डबी तापते आणि आत माणूस ठीक असतो. त्यात तुमचा सेन्सर डीएचटी-११. त्याच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे की दोन अंश इकडेतिकडे होऊ शकतात. माझ्या भाच्याने दाखवले. अडतीस आणि चाळीस यांत माणूस राहतो की जातो एवढे अंतर आहे, आणि तुमचा काटा तेवढ्यातच डुलतो.

अजून एक. उष्माघाताचे पहिले लक्षण बरेचदा डोक्यात दिसते. माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो. म्हणजे ज्या क्षणी गजर खरा असेल, त्या क्षणी तो ज्याला ऐकवायचा त्याचे भान सुटलेले असेल. मग गजर त्याच्या हातावर कशाला? तो शेजारी काम करणाऱ्याला कळला पाहिजे. कामावर जोडीने राहायचे, एकाने दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचे, ही पद्धत उन्हात काम करणाऱ्यांसाठी सांगितली जाते ती याचमुळे. त्या शेजाऱ्याचा विचार तुमच्या आकृतीत कुठेच नव्हता. आकृतीत एक माणूस, एक पट्टा, एक मोबाइल आणि एक ढग होता.

पट्टा कपाटातून काढून मी तो कळमन्याच्या बाजारात माझ्या ओळखीच्या एका हमालाला दाखवला. पोती उचलून त्याच्या खांद्याचे दुखणे वाढले की तो माझ्याकडे येतो. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ऊन हाय हे सांगाले मशीन कायले पाहिजे? बसाले भेटते का ते इचार ना मशीनले." पोत्यामागे पैसे मिळतात. पट्टा 'थांब' म्हणाला तर थांबायचा अधिकार त्याच्याकडे नाही, मुकादमाकडे आहे. मग मुकादमाच्या समोर, बाजाराच्या मधोमध एक यंत्र का नको? तसे यंत्र आहेही. ओल्या फडक्यातला थर्मामीटर, काळ्या गोळ्यातला थर्मामीटर आणि सावलीतला साधा थर्मामीटर, यांच्या आकड्यांना सत्तर, वीस आणि दहा टक्के वजन देऊन एक निर्देशांक काढतात. १९५०च्या दशकात अमेरिकी सैनिकांच्या उन्हातल्या कवायतीसाठी तो बनवला गेला. हवेतला ओलावा, ऊन, वारा सगळे त्यात येते. तिपाईवर उभे राहते, कुणाच्याच मनगटावर बसत नाही. अंगावर घालायच्या यंत्रांच्या स्पर्धेत हे सांगणे विचित्र वाटेल, पण 'हे अंगावर घालायलाच हवे का' हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'नाही' आले तर तो प्रोजेक्ट नापास होत नाही.

बॅटरीचेही ओझरते सांगते. ॲपलने आपल्या साध्या घड्याळाला वापरताना भोवतालचे तापमान शून्य ते पस्तीस अंश असावे असे लिहून ठेवले आहे, आणि बंद करून ठेवायचे तर पंचेचाळीसपर्यंत. मेमधल्या नागपुरात हे घड्याळ नियमाप्रमाणे बाहेर वापरायचेही नाही, आणि पारा पंचेचाळीसच्या वर गेला तर ठेवायचेही नाही. एवढ्या मोठ्या कंपनीच्या वस्तूचे हे, तर गोंदात चिकटवलेल्या तुमच्या लिथियम सेलचे काय? माझा स्प्लिंट गाडीच्या डिक्कीत राहिला तर वाकडा होऊन येतो, बस. तुमची वस्तू नुसती वाकडी होऊन थांबणार नाही. खिशात कांदा ठेवून उन्हात निघायची आपली जुनी रीत ऊन काही अडवत नाही, पण कांदा पेट तरी घेत नाही.

आता चष्मा. तो करणाऱ्या तिघी मुलींनी मेहनत खूप घेतली होती, म्हणून जरा सविस्तर. चष्म्याच्या मधोमध अल्ट्रासोनिक सेन्सर, समोर काही आले की कानातल्या इयरफोनमध्ये बीप, जवळ आले की बीप जलद. हॉलमध्ये डोळ्यांना पट्टी बांधून त्यांनी चालून दाखवले, टाळ्याही मिळाल्या. आता हाच चष्मा घालून वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांखालून चालायचे आहे. आंधळा माणूस रस्ता कानाने बघतो. गाडी कोणत्या बाजूने येते, भिंत किती जवळ आहे, दुकानाचे शटर उघडे आहे की बंद, हे त्याला आवाजाच्या फरकावरून कळते. त्याच कानात तुम्ही बीप कोंबली, म्हणजे डोळस माणसाच्या चष्म्यावर स्टिकर चिकटवला. दुसरे, नाकाच्या उंचीवरचा सेन्सर फूटपाथची उघडी झाकणे, पायरी, बसलेली गाय यांतले काहीच बघत नाही. ती सगळी कमरेच्या खाली असतात.

दिल्लीच्या आयआयटीने केलेली स्मार्टकेन त्या मुलींनी पाहिली नव्हती. २०१४ मध्ये ती वापरात आली. त्यांनी पांढरी काठी काढून घेतली नाही, तिच्या मुठीवर यंत्र बसवले. जमीन काठी बघते, गुडघ्याच्या वरचे अडथळे यंत्र बघते, आणि इशारा मुठीतल्या थरथरीतून येतो, कान मोकळा राहतो. वापरणाऱ्याकडे आधीपासून असलेले कौशल्य तसेच ठेवून त्यात भर घातली. मुलींनो, तुम्ही किती दृष्टिहीन माणसांना भेटलात, असे विचारले तेव्हा तुम्ही "व्हिडिओ बघितले" म्हणालात. नागपुरात अंधविद्यालये आहेत. बसने जाता येते.

लॉकेटबद्दल एवढेच: दिवसभरात ते किती वेळा चुकून दाबले जाते ते मोजा. बाळाला कडेवर घेतल्यावर, बसच्या गर्दीत, कुशीवर झोपल्यावर. चौथ्या खोट्या मेसेजनंतर भाऊ फोन उचलत नाही. हेल्मेटबद्दल तेवढेही नाही, कारण ते माझ्या डोक्यावर बसलेच नाही. अंबाड्याचा विचार झाला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मॅडम फक्त चुका काढतात. तर एक गोष्ट सांगते, मला स्वतःला फार आवडणारी. अंगावर घालायचा पहिला संगणक म्हणून ज्याचे नाव घेतात, तो एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोघांनी बनवला, १९६१ साली, आणि तोही जुगारासाठी. रूलेटच्या चाकातली गोळी कुठे पडेल याचा अंदाज करायचा. सिगारेटच्या पाकिटाएवढे यंत्र, बारा ट्रान्झिस्टर, बुटात अंगठ्याने दाबायची बटणे, आणि उत्तर सुरांमधून कानात. शॅनन म्हणजे ज्याच्या सिद्धांतावर तुमचा अर्धा अभ्यासक्रम उभा आहे तो. गणित बरोबर होते, यंत्र बरोबर होते. मग लास व्हेगासला जाऊन अडले कुठे? कानापर्यंत जाणारी बारीक तार सारखी तुटायची. एकदा तर शेजारी बसलेली बाई दचकून थॉर्पकडे बघायला लागली. त्याने जाऊन आरशात पाहिले तर कानातला तो इवलासा स्पीकर किड्यासारखा बाहेर आला होता. माहितीशास्त्राच्या बापाला आणि त्याच्या जोडीदाराला एका तारेने आणि एका कानाने हरवले, तर तुम्हाला लाज वाटायचे कारण नाही. फक्त ते दोघे ती तार घालून तिथे गेले होते, हे लक्षात घ्या.

एक गंभीर गोष्ट मात्र राहू देता येत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, या शहरात घराघरात ऑक्सिमीटर होता आणि त्या आकड्यावर लोक दवाखान्यात जायचे की घरी थांबायचे ते ठरवत होते. त्याच्या चारच महिने आधी, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णालयांतल्या नोंदी तपासून दाखवले होते की हे यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातल्या ऑक्सिजनचे खरे प्रमाण ८८च्या खाली असण्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. उजेड कातडीतून जातो, आणि कातडीचा रंग त्याच्या वाटेत येतो. तुमच्या नाडीच्या पट्ट्यांची चाचणी कुणावर झाली? टीममधल्या चौघांवर, एसीच्या लॅबमध्ये, बसून. उन्हात रापलेला, घामेजलेला, हलता हात एकही नव्हता. मग रिपोर्टमध्ये 'अचूकता' या शब्दापुढे टक्के लिहू नका. लिहायचे तर कुणाच्या हातावर, हेही लिहा.

आणि सर-मॅडम, हे तुमच्यासाठी. अंगावर घालायच्या वस्तूत आणखी एक माणूस असतो, जो ती घालत नाही पण तिचा पडदा बघत बसतो. आपल्याच शहरात सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळे बांधली गेली, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. घड्याळ घालणाऱ्याला त्यातून काय मिळते आणि पडदा बघणाऱ्याला काय, हा प्रश्न मुलांना तिसऱ्या वर्षातच विचारायला शिकवा. माझा रुग्ण माझा स्प्लिंट कपाटात टाकू शकतो. तो मला मिळणारा सगळ्यात खरा अभिप्राय आहे. ज्याला पट्टा काढायची मुभाच नाही, त्याच्याकडून तो अभिप्राय येत नाही, आणि मग वाईट पट्टाही वर्षानुवर्षे 'यशस्वी' राहतो.

तुमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात 'इनोव्हेशन' आहे, 'प्रेझेंटेशन' आहे, 'कॉस्ट' आहे. 'घालून राहिले का' हा रकाना नाही. तो घालायला पैसे लागत नाहीत. २००२ साली नाइट, बेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठीच एक साधी प्रश्नावली बनवली, सहा मोजपट्ट्यांची. घातल्यावर मनाला कसे वाटते, वस्तू अंगावर असल्याची जाणीव किती होते, दुखते का, आपण वेगळेच दिसतो-वागतो असे वाटते का, हालचाल अडते का, आणि ती नीट चालते आहे ना याची धाकधूक किती. प्रत्येकावर शून्यापासून वीसपर्यंत खूण करायची. मराठीत करून द्यायची असेल तर मी बसते तुमच्यासोबत. 'धाकधूक' हा शब्द मात्र बदलू देणार नाही.

पुढच्या वर्षी बोलावलेत तर येईन, पण माझ्या अटींवर. टीममधल्या प्रत्येकाने वस्तू सलग आठ दिवस घातलेली असावी, त्यातले निदान दोन दिवस एप्रिलमधले. कुणी, कधी, का काढली, याची वही हवी, आणि ती वही मी आधी वाचणार, पीपीटी नंतर. टीमबाहेरच्या तीन माणसांनी घातलेली असावी, त्यातली एक तरी बांगड्या घालणारी आणि एक तरी हाताने कष्ट करणारी. त्या तिघांना आणू नका, त्यांची मजुरी बुडते. तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात एवढे मला वहीवरून कळेल.

त्याआधी कुणाला यायचे असेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीननंतर माझ्या खोलीत गर्दी कमी असते. गरम पाण्याचे भांडे चालूच असते. प्लास्टिकची कड कशी वळवायची, हाडावर घडी कुठे ठेवायची, पट्टा तिरका का लावायचा, हे अर्ध्या तासात दाखवते. ज्या दोघांचे मार्क कापले त्यांनी आधी या. बाकीच्यांनी येताना आपली वस्तू अंगावर घालून या, डबा घरी ठेवा.

तुमची,
परीक्षक बाई

ता. क. तुमचा उष्माघाताचा पट्टा अजून माझ्याकडेच आहे. डबीच्या डाव्या कोपऱ्यावर हळद लागली आहे, ती पुसलेली नाही.